चमत्कारी की चमत्कारिक? आणि मिलाग्रीस आली कुठून

प्रश्न असा आलाय की गोव्यात म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मारिया मातेचं, फेस्त (उत्सव) होतं, त्याच्या बातमीत 'चमत्कारिक सायबीण' असं छापलं होतं ते बरोबर का, आणि आजचे ख्रिस्ती लोक ज्याला चमत्कार मानतात त्याला मराठीत हाच शब्द चालेल की दुसरा हवा.

चूक. साफ चूक. दरवर्षी ईस्टरनंतर पंधरवड्याने ते सोमवारचं फेस्त आलं की बॅनरवर, बातमीत, व्हॉट्सअ‍ॅपवर हेच, डोकं उठतं. अहो, चमत्कारिक म्हणजे विचित्र, तऱ्हेवाईक. घरमालक चमत्कारिक असतो, फ्रीजमधून वास चमत्कारिक येतो. सायबिणीला कशाला? चमत्कारी म्हणा. आणि पुढे मिलाग्रीस लिहिणार असाल तर तेही नको, मिलाग्र म्हणजेच चमत्कार, गाईचं गोमूत्र कशाला करताय.

चमत्कार 'चमकणे'वरून आला असं छातीठोक सांगणारे मास्तर भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलंय. 'चमत्' हा आवाज आहे. संस्कृतचे अभ्यासक व्ही. राघवन यांचं म्हणणं असं की काहीतरी चटकदार चाखल्यावर आपण जीभ टाळ्याला लावून जो आवाज काढतो तो हा. मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, फोड तोंडात टाकून बघा, पटेल. साहित्यशास्त्रात तर चमत्कार म्हणजे काव्य वाचताना रसिकाला होणारा आनंद, सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडितापर्यंत हाच अर्थ चालू होता. बुवाबाबांच्या हाती तो पार घसरला.

पण खरी गंमत मिलाग्रमध्ये. लॅटिन मिराकुलुम, पोर्तुगीजात येताना त्यातल्या र आणि ल ने जागा बदलल्या आणि झालं मिलाग्रे, आपण नुकसानचं नुसकान करतो ना, तसंच. मिराकुलुमच्या पोटात 'मिरुस' आहे, म्हणजे नवलाचा, आणि बहुतेक व्युत्पत्तीकार त्याचं मूळ ज्या धातूपाशी नेतात तो आपल्या 'स्मि'चा सख्खा भाऊ. स्मित, विस्मय त्यातलेच, इंग्रजांचं स्माईलसुद्धा! म्हणजे म्हापशाची मिलाग्रीस आणि आपला विस्मय एकाच घरातले.

यावर लगेच कोणीतरी सांगणार की मिलाग्रीस हा 'मिराबाई' या देवीच्या नावाचा अपभ्रंश, कारण लोककथेतल्या सात बहिणी-देवींपैकी शिरगावची लईराई तिची बहीण. नाही हो. नोस्सा सिन्योरा दुश मिलाग्रिश, म्हणजे चमत्कारांची सायबीण, हे नाव पोर्तुगालातही आहे आणि मंगळुरातही मिलाग्रीस चर्च आहे, तिथे कुठली आली लईराई? बहिणींची कथा मात्र मला मनापासून आवडते, लईराईकडून तेल येतं, म्हापशाहून मोगरीची फुलं जातात, हिंदू-ख्रिस्ती दोघेही रांगेत. माझा आपला तर्क असा की 'मिरा' आणि 'मिलाग्र' कानाला जवळचे लागले म्हणून लोकांनी सातांतली नेमकी हीच बहीण म्हापशाला दिली. पुरावा मागू नका. पण त्याच सातांतली केळबाई किंवा मोरजाई का नाही दिली, याचं उत्तर अपभ्रंशवाल्यांनी द्यावं.

हां, आजच्या श्रद्धेचं राहिलंच. योहानाच्या शुभवर्तमानात चमत्काराला मूळ ग्रीकमध्ये 'खूण' या अर्थाचा शब्द आहे, मराठी बायबलही 'चिन्ह' म्हणतं, कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला ते पहिलं चिन्ह. चर्च याबाबतीत तुम्हाआम्हाला वाटतं त्यापेक्षा फार कंजूष आहे. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी १८५८ पासून हजारोंनी बरं झाल्याचं सांगितलं, चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते ७० च्या थोडे वर. संतपदासाठी साधारण दोन लागतात, एक धन्य ठरवताना, एक संत ठरवताना, आणि त्यासाठी डॉक्टर बसून बघतात की आजार अचानक, पूर्ण आणि कायमचा गेला का, विज्ञानाला त्याचं काही उत्तर देता येतं का. आपले गोव्याचे संत जुझे वाझ १९९५ ला धन्य झाले आणि २०१५ ला संत, आणि दुसऱ्या चमत्काराची अट पोप फ्रान्सिस यांनी सरळ माफ केली. म्हणजे चमत्काराशिवायही गाडी पुढे जाते. जुन्या गोव्याच्या ज्या मठात ते राहिले त्याचं नाव चमत्कारांचा खुरीस (क्रूस), हा योगायोग तेवढा बघा.

तर पाद्रीसाहेब सांगतात त्या अर्थाने लिहायचं असेल तर 'चिन्ह', आंगवण (नवस) फेडायला आलेल्या माणसाच्या तोंडचं लिहायचं असेल तर खुशाल 'चमत्कार', आणि बातमीत नुसतं 'मिलाग्रीस सायबीण'.