एका नावासाठी चार निवडी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल दोनदा वाचला. गणित चोख आहे. गोंधळ शेवटच्या प्रकरणात आहे. तुझ्या हिशेबात एक क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) सर्वांच्या वर आला, आणि आता त्याला मिळवण्यासाठी संघाने पुढील वर्षांच्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीतील निवडीही, म्हणजे नवे खेळाडू घेण्याचे हक्कही, देऊन टाकाव्यात, अशी शिफारस करावी की नाही, हे तुला ठरवता येत नाही. करू नकोस. एका नावासाठी चार निवडी देऊ नयेत.

१९३६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा (एनएफएल) पहिला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला, तो संघमालक बर्ट बेल यांच्या आग्रहामुळे. त्यांचा स्वतःचा संघ तळाला होता. म्हणून जो सर्वांत जास्त हरला त्याने सर्वांत आधी निवडावे, असा नियम आला. (त्या वर्षी पहिला निवडलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही!) आज ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात आणि या निवडींचीच आपसांत देवघेव करतात.

२०१२ मध्ये वॉशिंग्टनने सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर येण्यासाठी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी आणि वर दुसऱ्या फेरीतील एक निवड देऊन रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकला घेतले. पहिल्या हंगामात त्याने डोळे दिपवले, मग गुडघा दुखावला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १०२व्या क्रमांकावर, त्याच संघाने कर्क कझिन्स या दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेतले होते, आणि २०१५ मध्ये सूत्रे त्याच्याच हाती आली.

तू कॅन्सस सिटीला विजेतेपदे मिळवून देणाऱ्या क्वार्टरबॅक महोम्सचे नाव घेशील, सगळेच घेतात. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी त्याच्यासाठी २७व्या क्रमांकावरून दहाव्यावर आली, हे मान्य. पण त्याच संध्याकाळी शिकागोने केवळ एक पायरी वर सरकण्यासाठी तीन जादा निवडी मोजून मिचेल ट्रुबिस्की या क्वार्टरबॅकला घेतले, तेव्हा महोम्स शिल्लकच होता. मॅसी आणि थेलर या अभ्यासकांनी ड्राफ्टवर केलेल्या अभ्यासात, मैदानावर एकाच जागी खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याचे प्रमाण जेमतेम ५२ टक्के निघाले. ही नाणेफेकच झाली. नाणेफेकीत जिंकायचे असेल तर नाणे जास्त वेळा उडवायला मिळाले पाहिजे, म्हणून पुन्हा सांगतो, एका नावासाठी चार निवडी देऊ नयेत.

इतक्या हट्टाने सांगतो, याला कारण आहे. मी शिकवत असताना, तीन शिष्यवृत्त्यांचे पैसे एकत्र करून एकाच तेजस्वी उमेदवाराला बोलवावे, असा आग्रह मी विभागात धरला होता. तो वर्षभरात सोडून गेला. ज्या दोघांना आम्ही नाकारले, ते आज दुसरीकडे प्राध्यापक आहेत. अर्थात तो मुलगा खरोखरच हुशार होता, आणि त्याचे गुण तपासण्यात माझी चूक झाली नव्हती, हे मी आजही म्हणतो. चुकला होता तो सौदा.

शेवटचे प्रकरण नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव. तुझ्या त्या क्वार्टरबॅकचे नाव त्यात एकदाच येऊ दे.

तुझा,
काका