दातावरचा पांढरा डाग: कॅपची घाई नको

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी ८ वर्षांची आहे. वरचा पुढचा कायमचा दात आला तोच खडूसारखा पांढरा डाग घेऊन. सकाळी डाग ठळक दिसतो, दूध प्यायल्यावर फिका पडतो. मुली चिडवतात म्हणून ती फोटोत ओठ मिटून हसते. एका ठिकाणी दात कोरून कॅप बसवायला सांगितलंय. काय करावं?
– एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, कॅप नको. या वयात दाताची नस मोठी असते, मूळही पुरतं तयार झालेलं नसतं. कोरलेला दात परत मिळत नाही.

सकाळचं लिहिलंत ते फार बरं केलंत. झोपेत तोंड उघडं राहिलं की पुढचे दात कोरडे पडतात. डागाच्या जागी इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, सच्छिद्र असतं. त्या छिद्रांत ओल असेतो डाग दबलेला राहतो, हवा शिरली की उठून दिसतो. दवाखान्यात मीसुद्धा दात आधी ओला पाहते, मग हवेने वाळवून. वाळल्यावरच दिसणारा डाग बहुधा उथळ असतो.

उपायही याच तत्त्वावर आहे. १५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचं जेल दोन मिनिटं लावून डागाचा वरचा थर मोकळा करतात, दात अल्कोहोलने वाळवतात आणि पाण्यासारखं पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) छिद्रांत जिरवून निळ्या लाइटखाली घट्ट करतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. डाग खोल असेल तर तो पूर्ण जात नाही, फिका होतो. हे मुलीला आधीच सांगा. हिरडीला ॲसिड लागू नये म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबरी पडदा, लावावा लागतो, त्यामुळे दात पुरता बाहेर येईपर्यंत थांबलेलं चांगलं. तोवर दवाखान्यात फ्लोराइड वार्निशचा लेप, आणि घरी १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोन वेळा.

डाग एकाच दातावर आहे म्हणून विचारते: लहानपणी ती तोंडावर पडली होती का? दुधाच्या दाताला बसलेला मार हिरडीच्या आत घडत असलेल्या कायमच्या दातावर असा उमटतो. फ्लोराइडच्या पाण्याने, जसं यवतमाळ-चंद्रपूरकडे होतं, डाग सहसा जोडीजोडीने आणि बऱ्याच दातांवर येतात. हिरडीलगतचा खरखरीत डाग मात्र किडीची सुरुवात असू शकते.

आणखी एक. सहाव्या वर्षी आलेल्या मागच्या चार दाढा उजेडात बघा. त्यांवरही पांढरे-पिवळट चट्टे असतील, गार पाण्याने ती कळवळत असेल, तर पुढच्या दाताआधी त्या दाखवा. तसलं इनॅमल चावताना तुटतं.