वडीत आहे तेच लिही

प्रिय पोरी,

तुझ्या साबणाच्या वड्यांच्या इन्स्टाग्राम पोस्टचे स्क्रीनशॉट चष्मा लावून नीट पाहिले. फोटो झकास. खाली हॅशटॅगांची मात्र नुसती जत्रा, आणि वर तुझा प्रश्न, "काकू, अजून कोणते लावू?"

अजून कशाला? आलेले लाइक उघडून बघ. बहुतेक साबण बनवणाऱ्यांचेच आहेत, कोणी केरळातली, कोणी थेट ब्राझीलची. त्यांना तुझी वडी नकोय, तुझा साचा बघायचाय. '#हँडमेडसोप' शोधतं कोण? जो स्वतः बनवतो तो. प्रतापनगरातल्या ज्या बाईला बारशाला वाटायला पन्नास वड्या हव्यात, ती 'नागपूर' टाकेल, 'रिटर्न गिफ्ट' टाकेल. तिच्यासाठी लिही. वडीत काय आहे आणि ती कुठे मिळते, तेवढंच.

आणि लिहितेस ते तरी धड लिही. '#संत्र्याचा साबण' लिहिताना मधे जागा सोडलीस. निळं झालं फक्त 'संत्र्याचा', साबण राहिला बाहेर! जोडून लिही, नाहीतर अंडरस्कोर टाक. इंग्रजी अक्षरांतही एक टाक, अर्धं नागपूर मराठी तसंच टाइप करतं.

आता '#केमिकलफ्री'. काऊन गं? कॉस्टिक सोडा काय देवघरातून आणला होतास? त्याच्याशिवाय तेलाचा साबण होत नाही, हे मला सांगायला हवं का तुला? माप बरोबर असेल आणि चार-सहा आठवडे वड्या मुरल्या असतील तर कॉस्टिक उरत नाही, हे खरंच आहे. मग तेच लिही ना! 'सहा आठवडे मुरवलेला' हे वाचून मी घेईन. 'केमिकलफ्री' तर सगळेच लिहितात. '#एक्झिमा' आजच काढ. रोग बरा करतो म्हटलं की १९४०च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यात ती वडी औषध ठरते. '#नागपुरीसंत्रा'सुद्धा साल नागपुरी असेल तेव्हाच. त्या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच फळाचं. पंजाबकडच्या किन्नू संत्र्याची साल वाळवून ते नाव लावायचं नाही. वडीत आहे तेच.

माझ्या उटण्याचं तुला माहीतच आहे. इतवारीतला एक ठोकवाला म्हणाला होता, पाकिटावर 'गोरेपणा' छापा, दिवाळीचा सगळा माल उचलतो. मी नाही छापलं. त्याने माल उचलला नाही, पोती घरात पडून राहिली. घरचे अजून ऐकवतात, एका शब्दापायी दुकान गेलं. गेलं असेल, बावा! पण आंबेहळद, नागरमोथा, संत्र्याची साल यांनी कोणी गोरं होत नाही, आणि तसं लिहून मला पैसे नको होते. वसुबारसेच्या आधी माझ्याकडे ज्यांचे फोन येतात, त्या बायका पाकीट उलटून वाचणाऱ्या आहेत. थोड्या आहेत, कबूल. हट्टी म्हण हवं तर. नुकसान त्या शब्दामुळे झालं, असं मला आजही वाटत नाही. वाटलं तरी मी म्हणणार नाही.

असो. विषय तुझा आहे.

टॅग म्हणजे मंत्र नव्हे. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये टॅग फॉलो करायची सोयच काढून टाकली. आता शोधणारा मजकुरातल्या शब्दांवरूनही पोचतो. म्हणून पहिल्याच ओळीत सरळ मराठीत लिही: संत्र्याची साल, खोबरेल, १०० ग्रॅम, धरमपेठेत हाती मिळेल. खाली तीन-चार टॅग, बस. लाइक कमी येतील, तेव्हा रडत फोन करू नकोस. 'किती वड्या मिळतील?' असं विचारणारे मेसेज मोज.

पावसाळ्याचंही सांगून ठेव. आपल्याकडे जून लागला की ग्लिसरीनमुळे वड्यांना घाम फुटतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल खराब निघाला. तसा दवाचे थेंब आलेल्या वडीचा फोटो टाक, खाली कारण लिही. लपवू नकोस.

शेवटचं, आणि यावर टाळाटाळ नको. विकायला साबण करायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो. मागच्या वेळी विचारलं तर तू विषय बदललास. अर्ज भरलास की नाही, ते आधी कळव. पुढच्या पोस्टचं त्यानंतर बघू.

तुझी,
काकू