खाडे धरूनच हिशेब

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जानेवारीत जिम लावली, तीन आठवडे गेलास, मग ऑफिसचं काम वाढलं, मग घरातलं लग्न, आणि आता बूट पलंगाखाली. वर लिहिलंस की तुझ्यात चिकाटीच नाही. मला ते पटत नाही. तू आखलेल्या वेळापत्रकात एकही खाडा मावत नव्हता. म्हणून पहिला खाडा पडला आणि वेळापत्रकच संपलं.

घरी दुधाचे खाडे कॅलेंडरवर लिहितात ना? चार दिवस दूध आलं नाही म्हणून कोणी दूध बंद करत नाही. तेवढे पैसे कापतात, पाचव्या दिवशी पातेलं पुन्हा गॅसवर. व्यायामाचाही हिशेब त्याच पानावर ठेव. मोबाइलमध्ये नको, भिंतीवरच, आणि पेन दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेव, नाहीतर पेन शोधण्यातच नोंद राहून जाते. व्यायाम झाला त्या चौकोनात मिनिटं लिही. नाही झाला तिथे फुली, आणि शेजारी एकच शब्द: झोप, पाऊस, पाहुणे, ताप. दीड-दोन महिन्यांनी फक्त फुल्या वाच. 'झोप' पुन्हा पुन्हा दिसली तर वेळ चुकीची निवडली आहेस. 'कंटाळा' दिसला तर प्रकार बदल. 'लांब' दिसलं तर जागा बदल. नागपुरात घर मानेवाड्याला आणि रोज सकाळी फिरायला पार अंबाझरी तलावावर, हे रविवारी ठीक आहे, मंगळवारी जमत नाही. रोजची जागा घरापासून दहा मिनिटांच्या आत हवी, मग ती कॉलनीतली साधी बाग का असेना.

एकवीस दिवसांत सवय लागते असं तुला कोणीतरी सांगितलंय. ते डोक्यातून काढ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून पाहिलं. 2010 साली छापलेल्या त्या निष्कर्षात सवय अंगवळणी पडायला कोणाला 18 दिवस लागले, तर कोणाच्या बाबतीत 254 दिवसांचा अंदाज निघाला. मधला आकडा 66. व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे बाविसाव्या दिवशी उठवत नसेल तर तुझ्यात काही खोट नाही.

आता मोजमाप. आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भराभर चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी कमीत कमी एवढं सांगते. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. पण पहिल्या दोन आठवड्यांत तू पंधरा मिनिटांवरच थांब, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढव. तुझं जानेवारीत इथेच बिनसलं. पहिल्याच दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरल्या. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, मग ओसरतं. स्नायूंना सवय नसलेलं काम दिलं की असं होतं, त्यात काळजीचं काही नाही. सांध्यात एकाच जागी टोचणारी कळ मात्र वेगळी. तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तरी तेच.

याशिवाय एक 'किमान' ठरवून ठेव, वाईट दिवसांसाठी. दहा मिनिटांचं, घरातलं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव म्हणजे सरकणार नाही. तिच्यावर बसल्यासारखं करायचं, बूड टेकलं न टेकलं की उठायचं, दहा वेळा. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात ठेवून आठ जोर. पाय दोन पावलं मागे, कंबर खाली लोंबू द्यायची नाही, छाती ओट्याच्या कडेपर्यंत. ओटा आधी कोरडा पूस, ओल्या ग्रॅनाइटवर तळवे घसरतात. हे दोन्ही तीनदा, मध्ये मिनिटभर श्वास. सूर्यनमस्कार येत असतील तर त्याऐवजी सहा संथ नमस्कार घाल. 'किमान' झालेला दिवस खाडा धरायचा नाही.

आपल्या नागपुरात वर्षभर एकच वेळ चालत नाही, हे मात्र पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून कळणार नाही. मेच्या अखेरीस साडेपाचला उजाडतं, जानेवारीत सातला दहा कमी असताना. म्हणजे 'रोज सहाला' हे मेमध्ये उशिराचं आणि थंडीत अंधारातलं. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत पाच ते सहा, बस्स. ऊन वाढायला लागलं की पहिले आठ-दहा दिवस वेग आणि वेळ दोन्ही कमी कर, शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत बाहेर जाऊच नको, घरातलं 'किमान' पुरे. खिशात कांदा ठेवायला माझी हरकत नाही, पण निघण्यापूर्वी पेलाभर पाणी आणि आल्यावर मीठ घातलेलं ताक, हे खरं काम करतं. डोकं ठणकलं, मळमळलं, अंगावर काटा आला तर तिथेच सावलीत बसायचं, फेरी पुरी करायची नाही.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण, जी कोणी लिहीत नाही: कूलर. खिडकीतला मोठा कूलर घुरघुरत असला की उशीखालचा मोबाइल ऐकूच येत नाही. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेव. त्या आवाजाने तू उठशीलच, बाकीचेही उठतील, तेवढं सांभाळून घे.

पावसाळ्यात बूट वाळत नाहीत आणि ओल्या बुटांकडे पाहूनच पाय मागे येतो. आल्याबरोबर आतला तळ काढून वेगळा ठेव, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंब, तासाभराने बदल. थंडीत दुलईतून निघणं हाच व्यायाम. तेव्हा बिनधास्त संध्याकाळ धर, ऑफिसातून घरी येऊन सोफ्यावर टेकण्याआधी. एकदा टेकलास की गेला दिवस.

रात्रीची तयारी पाच मिनिटांची: मोजे बुटात, बूट दाराशी, टी-शर्ट खुर्चीवर, बाटली भरलेली. सकाळी उठून विचार करावा लागेल असं काही शिल्लक ठेवू नको.

रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ चढून आलास तर तर्री पोहे खा, खुशाल. रोज फिरून आल्यावर नको. तसं केलंस तर महिन्याभरात फिरणं बाजूला राहील आणि ठेल्यावरची हजेरी तेवढी पक्की होईल.

जिमचं वर्षाचं पॅकेज घेऊ नको, स्वस्त पडत असलं तरी. आधी एक महिना, मग तीन.

खाड्यानंतर कसं परतायचं तेही लिहून ठेव, कारण घात तिथेच होतो. तीन-चार दिवस चुकले तर आहे तिथून पुढे. एक-दोन आठवडे चुकले तर पहिले तीन दिवस निम्मं. महिना गेला तर पुन्हा पंधरा मिनिटांपासून. दम दोनेक आठवड्यांत उतरायला लागतो, ताकद त्याहून जास्त टिकते. त्यामुळे परतल्यावर पहिल्या दिवशी जुनं वजन उचललं जातं, दुसऱ्या दिवशी अंग धरतं आणि नवा खाडा पडतो. ताप येऊन गेला असेल तर ताप पूर्ण उतरून थकवा गेल्याशिवाय सुरूच करू नको. डेंग्यू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच.

दीड महिन्यानंतर कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठव. फुल्यांसकट.