चित्रकलेचे सर रिटायर झाले, पुढे काय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: ताई नमस्कार, माझी मुलगी लालबागला पालिकेच्या शाळेत सहावीत आहे. चित्रकलेचे सर रिटायर झाले ते झालेच, दुसरं कुणी आलंच नाही, आता तो तास गणिताच्या बाई घेतात म्हणजे गणितच घेतात. मी यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आमच्या चाळीच्या मागे मूर्तिकारांचा कारखाना आहे, एक दादा लेझीम शिकवतात, त्यांनाच शाळेत बोलवावं असं वाटतं. मोठ्या बाई म्हणतात वरून लेटर पाहिजे. सुरुवात कुठून करू? – एक आई, लालबाग

उत्तर: वरून लेटर यायची वाट बघत बसलात तर मुलगी दहावीला पोचेल. पण कारखान्यात जायच्या आधी एक अर्ज करा. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या परिशिष्टात सरळ लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन शिक्षक द्यायचे, आपल्याकडे त्यांना निदेशक म्हणतात. तुमचा पट बघा आणि समितीच्या नावाने वॉर्डच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे मागणी द्या, कॉपीवर पोच घ्या, पोच नसली तर अर्ज दिलाच नाही असं समजा. हे आधी का, तर बाहेरचे कलाकार यायला लागले की "तुमच्याकडे होतंय की सगळं" म्हणून ती जागा रिकामीच राहते, आणि मूर्तिकार दादा काही वर्षभर सगळे वर्ग घेणार नाहीत.

आता मोठ्या बाईंचं. त्या अडवत नाहीयेत हो, उद्या काही झालं तर सही त्यांची असते म्हणून घाबरतात. त्यांना कागद द्या. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका, म्हणजे बहुमत तुमचंच आहे, आणि शाळा विकास आराखडा करायचं काम कायद्याने समितीचंच आहे (कलम २२). त्या आराखड्यात "स्थानिक कलाकारांबरोबर कलेचे तास" असा ठराव करून घाला आणि इतिवृत्तात नोंदवा. नवीन शैक्षणिक धोरणात (२०२०) सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना असं आहे, त्यात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक लोकांकडून शिकायचं हे शब्दात लिहिलेलं आहे. शनिवारी आनंददायी उपक्रम असतात, तिथेही जागा निघते. मोठ्या बाईंना एवढा आधार दाखवला की त्या बऱ्याचदा स्वतःच पुढे होतात.

मूर्तिकारांना विचाराल तेव्हा तारीख बघून विचारा. शाळा उघडते जूनमध्ये आणि त्यांची खरी धावपळही तेव्हापासूनच, गणपतीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो, नंतर नवरात्राच्या देवी. त्या दिवसांत फक्त मुलांना कारखान्यात नेऊन डोळ्यांची आखणी बघू द्या, लांबून, गप्प बसून, अर्धा तास पुरे. शाळेतले मातीचे तास दिवाळीनंतर ठेवा. सलग सहा-आठ आठवडे, त्याच वर्गाला, टाइमटेबलमध्ये लिहिलेला डबल पिरियड. एकदाच बोलवून शाल-श्रीफळ आणि फोटो, हे मला अजिबात पटत नाही, त्यातून मुलांच्या हाताला काही लागत नाही. आणि पहिल्याच दिवशी गणपती करायला लावू नका, सगळी मुलं साच्यातल्यासारखं एकच काहीतरी करतात आणि सोंड पडली की रडतात. शाडूचा गोळा द्या आणि स्वतःचा हात नाहीतर चप्पल करायला सांगा. शाडू आदल्या दिवशी भिजवलेला पाहिजे, बाकांवर जुने पेपर, आणि हात धुवायला वर्गाबाहेर दोन बादल्या. बेसिनमध्ये अजिबात नाही! पाइप चोकअप झाला की शिपाईमामा पुढच्या वेळी खोलीची चावीच देणार नाहीत, आणि असे कितीतरी उपक्रम बेसिनपाशीच बंद पडलेत.

वर्गावरच्या बाई पूर्ण वेळ वर्गातच थांबल्या पाहिजेत, ही अट लेखी ठेवा. एक तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी, बाहेरच्या कुठल्याही माणसाकडे वर्ग एकटा सोपवायचा नाही, कितीही ओळखीचा असला तरी. दुसरं म्हणजे बाईही शिकतात, पुढच्या वर्षी दादा आले नाहीत तरी थोडंफार पुढे चालतं. आणि मानधन द्या. रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाला "समाजकार्य आहे" म्हणणं बरं दिसत नाही. समितीकडे पैसे नसतील तर मंडळाला विचारा, तुमच्या भागातल्या मंडळांकडे मांडवाला पैसे निघतात, मातीला आणि मानधनाला निघायला हरकत नाही.

अजून एक, शहरात आर्ट टीचर डिप्लोमा म्हणजे एटीडीची कॉलेजं आहेत, तिथल्या मुलांना सराव पाठ घ्यायला शाळा लागतातच. त्यांना वर्ग पाहिजे, तुम्हाला शिक्षक, प्राचार्यांना पत्र द्या. आणि लालबागहून राणीची बाग जवळ, तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय पालिकेचंच. १८७२ साली सुरू झालेलं, पण पार मोडकळीला आलं होतं, मग २००३ मध्ये पालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि जुन्या वास्तू जपणारी इंटॅक ही संस्था यांनी करार केला आणि २००८ ला ते नव्याने उघडलं. म्हणजे भागीदारी पालिकेला जमत नाही असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण द्या. तिथे जुन्या मुंबईतल्या माणसांची, धंद्यांची मातीची छोटी मॉडेल्स आहेत, शाडूचे तास झाल्यावर मुलं ती वेगळ्याच नजरेने बघतील. जायच्या आधी फोन करून कुठली दालनं उघडी आहेत ते विचारा.

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झालोय, पुण्यात राहतो, तबला येतो. मनपाच्या शाळेत फुकट शिकवायची तयारी आहे पण गेलो तर त्यांनी गॅदरिंगचा डान्स बसवायला सांगितला. जावं का? – एक तबलजी

उत्तर: काका, डान्स बसवून द्या, एक वर्ष. शाळेचा विश्वास असाच बसतो. पण त्याच वेळी एक वर्ग वर्षभरासाठी मागून घ्या, आठवड्याचा एकच तास, सगळी शाळा नको. आणि थेट तीनतालाने सुरुवात करू नका. वस्तीतली अर्धी मुलं ढोल नाहीतर हलगी वाजवत मोठी झालेली असतात, कुणाचा बाप बँडमध्ये असतो, त्यांना आधी वाजवू दे बाकावर, तुम्ही मात्रा मोजा. एखादा पोरगा तुमच्यापेक्षा लयीला पक्का निघेल, राग मानू नका.

प्रश्न: मी ठाण्यात शिक्षिका आहे. कलेचे तास वाढवले तर पालक म्हणतात अभ्यास मागे पडतो. काय सांगू? – एक बाई

उत्तर: पालकांना मार्कांची भाषा कळते तर आधी तीच बोला: चित्रकलेच्या सरकारी इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ मार्क वाढीव मिळतात, बी ला ५, सी ला ३. एलिमेंटरी आधी द्यावी लागते म्हणून सातवी-आठवीतच तयारी सुरू करायची. त्यावरही कुणी अडलं तर अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचं सांगा. तिथे सरकारी शाळांनी शहरातल्या कला संस्थांशी जोडून घेतलं, कुठल्या शाळेला आधी मिळणार ते लॉटरीने ठरवलं, ४२ शाळा आणि १०,५४८ मुलं, २०१९ मध्ये अभ्यास आला. लिखाणाचे मार्क वाढले, शिस्तीच्या तक्रारी ३.६ टक्के पॉइंटने कमी झाल्या. गणित-वाचनात मात्र मोठा फरक दिसला नाही, हेही सांगा. चित्रं काढून गणित सुधारतं असं कुणी ठामपणे म्हणत असेल तर मी तरी मान डोलावणार नाही, चित्रकला चित्रकलेसाठीच शिकवायची. पालकसभेत भाषणापेक्षा मुलांच्या वह्या आणि काम टेबलावर मांडा, आणि सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा, दुपारी कामावरची माणसं येत नाहीत.