चोपडीतली अकरा नावं

"वडिलांचा बंद पडलेला धंदा मला पुन्हा उभा करायचाय, पण ते विषयच काढू देत नाहीत." हे गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे बरीच तरुण मुलं येतात. दिंडोरी तालुक्यातलं एक कुटुंब असंच आलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाग आजोबांनी लावलेली. 2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, त्या उमेदीत आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, कर्ज काढून वायनरी घातली. 2008-09च्या मंदीत वाइन टाक्यांतच पडून राहिली. नाशिककडच्या कितीतरी लहान वायनऱ्यांसारखं हिलाही कुलूप लागलं. शिराझ ही वाइनची द्राक्षं उपटून आण्णांनी खायची द्राक्षं लावली.

मुलगा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आलेला. आण्णा तीन बैठका मान खाली घालून बसले. एकदाच म्हणाले, "मातेरं होईल." वडिलांचा आपल्यावर भरवसा नाही, असं मुलाला वाटे. मलाही आधी तेच वाटलं आणि तिथे मी चुकले.

चौथ्या वेळी मी मुलाला फाइल घरी ठेवायला लावली आणि आण्णांना विचारलं, "कुलूप लावलं तो दिवस आठवतो?" ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या खेपेला मात्र पिशवीतून एक लाल चोपडी काढली. ज्यांची द्राक्षं उधारीवर घेतली त्या अकरा शेतकऱ्यांची नावं, माल, बाकी. प्रत्येक नावावर रेघ. शेवटची रेघ सहा वर्षांनी मारलेली, विहिरीजवळचा तुकडा विकून.

"बँकेचं सोडा हो ताई. ही माणसं रोज पारावर बसलेली असायची. मी बांधाबांधानं घरी जायचो."

तो तुकडा का विकला, हे मुलाला त्या दिवशी कळलं. तो उठून वडिलांच्या शेजारी जाऊन बसला.

अशा घरांना मी आता सांगते, आराखडा नंतर. आधी कोणाचे पैसे अडकले, कोणाशी बोलणं तुटलं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. "आता काळ बदललाय" हे तर तेव्हा अजिबात नको.

मग अटी ठरल्या. आईला इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, घर आणि बाग तारण ठेवायची नाही. आण्णा म्हणाले, दुसऱ्याचा माल उधार घ्यायचा नाही, आपल्या दोन एकरांत पिकेल तेवढीच वाइन. मुलाला हे तोकडं वाटलं, तरी त्यानं मानलं. नवी वेल मालावर यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तेवढा वेळ या दोघांना हवाच होता.

परवा ऑक्टोबर छाटणीच्या वेळी त्याचा फोन आला. काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे यावरून सकाळपासून दोघांची जुंपली होती, आणि मागून आण्णांचा आवाज येत होता, "फोन ठेव, कात्री घे."