पट्टीवरून झालेलं भांडण

प्रश्न : ताई, तुम्ही व्यावसायिक चेलोवादक. तरी हौशी मंडळींच्या एका वृंदात 21 वर्षं जुनं पाश्चात्त्य संगीत वाजवताय. मी 7 वर्षं चेलो शिकतोय. अशा वृंदात व्हायोला द गांबा, म्हणजे ते चेलोसारखं दिसणारं जुनं तंतुवाद्य, धरलीस तर हात बिघडेल, असं सर म्हणतात. तुमचा बिघडला नाही का? आणि कंटाळा येत नाही? – एक वाचक

उत्तर : बिघडतो की! सर खोटं सांगत नाहीत. चेलोचा गज वरून धरायचा, गांबाचा खालून, तळवा वर करून. चेलोवर जोराचा सूर गज ओढताना येतो, गांबावर ढकलताना. तारा चारच्या सहा होतात, शिवाय दांडीला तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, पडदे बांधलेले. पहिले सहा महिने घरी चेलो घेतला की माझा गज उलटाच निघायचा. मग हाताला दोन्ही वाद्यं वेगळी कळू लागली. तुमच्याही कळतील.

वृंदात गेले तेव्हा मला वाटायचं, मी यांना शिकवायला आलेय. समोर सोळाव्या शतकातल्या छापील वहीची नक्कल ठेवली. त्यात फक्त माझी ओळ. मात्रांचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत, बाकीचे काय वाजवताहेत तेही दिसत नाही. अर्ध्या पानात मी हरवले. शेजारी टेनर रेकॉर्डर, म्हणजे उभी धरायची बासरी, वाजवणाऱ्या बाई होत्या, आयुष्यभर हिशेब लिहून निवृत्त झालेल्या. तोंडात बासरी असताना त्यांनी मला नुसत्या भुवईने जागेवर आणलं.

पाचव्या वर्षी मी भांडले. जुन्या संगीतातले बरेच जण ‘ला’ हा जुळवणीचा सूर 415 हर्ट्झला लावतात. आमच्या सगळ्या रेकॉर्डर 440च्या, आणि रेकॉर्डरची पट्टी काही पिळून उतरवता येत नाही. 440ला माझी वरची तात सारखी तुटायची. मी ऐकवलं, ‘खरी पट्टी 415च आहे, नव्या बासऱ्या घ्या.’ घेतल्या नाहीत. मी वृंद सोडला.

चौदा महिने घरी बसून पाच वाद्यांच्या रचनेतली माझी एक ओळ घासत होते. एकटीने वाजवली तर ती ओळ म्हणजे फोनवरचं एका बाजूचं बोलणं. मधल्या लांबलचक विरामांत काय चाललंय, ते दुसऱ्यालाच ठाऊक. त्याच काळात वाचन केलं. तेव्हा कळलं की त्या काळी सगळीकडे एकच पट्टी नव्हतीच. प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने 1619 मध्येच या गोंधळाबद्दल लिहून ठेवलंय. 415 ही आपल्या काळातली सोय, 440च्या बरोबर अर्धा सूर खाली म्हणून सापडलेली. आणि 440सुद्धा ठरलं 1939 साली. म्हणजे मी भांडले ते आजच्याच दोन आकड्यांवरून!

परत गेले. कुणी काही विचारलं नाही. बाईंनी जुळवणीसाठी ‘ला’ दिला, अर्थातच 440चा.

तात अजूनही तुटते. बारीक लावून पाहिली, उपयोग नाही. तात कुठल्या सुराला तुटणार ते जाडीवर ठरत नाही, दोन टोकांमधल्या लांबीवर ठरतं. लांबी काही बदलता येत नाही, म्हणून पेटीत दोन जादा ठेवते.

कंटाळ्याचं म्हणाल तर येतो. प्रेटोरियसच्या 1612च्या संग्रहात तीनशेहून अधिक नाच आहेत. कुठलं वाद्य हवं याची फारशी अट नाही, त्यामुळे ज्या दिवशी जे येतील त्यांच्यावर भागतं. पण त्यातल्या एका नाचात आमचे बास रेकॉर्डरवाले गृहस्थ 21 वर्षं एकाच जागी अर्धी मात्रा आधी येतात. पूर्वी मी डोळे वटारायचे. आता ती जागा जवळ आली की आम्ही सगळेच अर्धी मात्रा आधी श्वास घेतो.

तुम्ही जा. चेलोचा रियाझ मात्र सकाळी, गांबाला हात लावण्याआधी करा. आणि वाद्य लगेच विकत घेऊ नका. बहुतेक वृंदांत कुणाची तरी एक गांबा पडून असते.